लीगमधून युनियनमध्ये जाताना माझे पाच शनिवार कुठे गेले

मी मूळचा पुण्याचा. कॉलेजात असताना दोन वर्षं युनियन, म्हणजे पंधरा जणांची रग्बी खेळलो. पुढे शिकायला इंग्लंडमध्ये लीड्सला आलो तर मित्र सगळे लीगवाले, म्हणजे रग्बीचाच दुसरा प्रकार खेळणारे. तेरा खेळाडू, सहा टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडणं) झाले की चेंडू समोरच्यांना. तीन उन्हाळे तेच खेळलो आणि मग पुन्हा युनियनची ओढ लागली. इथे आमची लीग उन्हाळ्यात आणि युनियन हिवाळ्यात, म्हणून ऑगस्टअखेर एका क्लबात नाव नोंदवलं.

ऑनलाइन अर्ज दहा मिनिटांत भरून झाला. त्यात एक प्रश्न होता: याआधी दुसऱ्या देशात रग्बी खेळलात का? मी 'हो' लिहिलं. खरं तेच लिहावं, पण पुढे काय होतं ते आधी माहीत हवं. एका देशातून दुसऱ्या देशात युनियन खेळायला जाताना आधीच्या देशाच्या संघटनेची मंजुरी लागते. लीग हा वेगळा खेळ, त्यामुळे मधली तीन वर्षं हिशेबातच नाहीत. कागदावर मी थेट पुण्याहून आलेलो.

दर गुरुवारी सरावाला नोंदणी बघणाऱ्या गृहस्थांना विचारायचो. "होईल, वाट बघ." दर शनिवारी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. आमचा विंगर, म्हणजे कडेला खेळणारा, जायबंदी झाला, त्या जागी एकोणीस वर्षांचं पोर उतरवलं, आणि मी बूट घालून बघत होतो. पाचव्या आठवड्यात त्यांच्याच लॅपटॉपवर एकत्र बघितलं. अर्ज परत आला होता, तोही तीन आठवड्यांपूर्वी. पुण्याच्या नोंदीत माझं नाव वडिलांच्या नावासकट, इथे नुसतं नाव-आडनाव. जन्मतारखेचा पुरावा मागितला होता. तो मेल कुणी उघडलाच नव्हता! तिथेच पासपोर्टचा फोटो पाठवला. चार दिवसांत मंजुरी आली. आजही ते आठवलं की डोकं तापतं.

तेव्हा नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा. आणि "पाठवलंय" हे ऐकून घेऊ नका, स्क्रीन दाखवायला सांगा.

बाहेर उभं राहून इंग्लंडचा रग्बीपटू जेसन रॉबिन्सन याचा विचार फार यायचा. तोही लीड्समध्येच जन्मलेला. विगन क्लबकडून लीग गाजवली, १९९६ मध्ये काही महिने बाथ क्लबकडून युनियन खेळून बघितलं, २००० मध्ये सेल या युनियन क्लबात कायमचा आला आणि २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात सिडनीत डाव्या कोपऱ्यात घसरत इंग्लंडचा एकमेव ट्राय (रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण) केला. १९९५ पर्यंत युनियन हौशी होती, पैसे घेऊन लीग खेळलेल्याला तिथे दारच बंद. माझं दार नुसतं अडकलं होतं, एवढाच काय तो धीर.

एक राहिलंच. कागदांची वाट बघताना अंगातली लीगची सवय मोडून घ्या. लीगमध्ये टॅकल झाल्यावर उठून चेंडू पायाने मागे सारायचा असतो. युनियनमध्ये पडल्या पडल्या तो सोडावा लागतो, धरून ठेवला की पेनल्टी. सरावात मी दर वेळी उठायला बघायचो आणि प्रशिक्षक ओरडायचे.

सहाव्या शनिवारी उतरलो. पहिल्याच टॅकलला पडलो, हात लांब करून चेंडू आमच्या बाजूला ठेवला, आणि वरून आमचे दोघं धावत आले.