आमची वाटचाल: मस्टरवरची एकोणीस नावं

१९९३ साली वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ मांडला, ती आमची सुरुवात. मी मूळचा टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. ठाण्याच्या आयटीआयमधून निघून याच वसाहतीतल्या एका मोठ्या कंपनीत तेरा वर्षं काढली. मग कंपनीने स्वेच्छानिवृत्ती आणली (स्वेच्छा कुणाची, ते विचारू नका) आणि माझ्या हातात एक लाख दहा हजार रुपये पडले. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे ही तिची पहिली वसाहत. इथे एकदा गेटाच्या आत शिरला की माणूस साठीलाच बाहेर पडणार, असं आमच्या आई-वडिलांनी गृहीत धरलं होतं. १९९१ ला अर्थव्यवस्था खुली झाली आणि ते गणित बिघडलं. ज्या प्लॉटवर आमची कंपनी होती तिथे आज काचेची इमारत आहे, आत कॉम्प्युटरची ऑफिसं. माझ्याबरोबर कॅपस्टन (एक प्रकारचा लेथ) चालवणारा एक जण पुढे त्याच इमारतीच्या गेटवर वॉचमन झाला. बारा तासांची ड्युटी. मी दुपारी चहाला गेलो की तो हसून म्हणायचा, ‘दादा, मी अजून त्याच कंपनीत आहे.’

आमचं काम पितळेच्या पिना आणि टर्मिनलचं, म्हणजे प्लग-सॉकेटच्या पोटातला माल. तो लोहार चाळीतल्या व्यापाऱ्यांकडे जायचा. लेथनंतर दोन, मग पाच, मग अकरा कॅपस्टन झाले. कॅपस्टनला फिरत्या टरेटवर सहा टूल असतात. सकाळी सेटरने स्टॉप लावून दिले की पोराने दिवसभर दांडा फिरवत पीस काढायचे. एका मशीनला एक माणूस, त्यामुळे ऑर्डर वाढली की माणसं वाढायची. २००० साली आमच्याकडे सत्तावीस माणसं होती.

मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, एकोणीस. वीस झाले की प्रॉव्हिडंट फंड लागू होतो, म्हणून उरलेले आठ ठेकेदाराच्या वहीत. हिशेब आमची सौ. बघायची. तिने एकदा विचारलं, ‘हे आठ जण जेवायला आपल्याकडे, गणपतीला वर्गणी आपल्याकडे, मग नाव दुसऱ्याकडे का?’ मी म्हटलं, सगळेच असं करतात. कायद्याने ठेकेदाराची माणसंही मोजायची असतात. हे मला तेव्हा माहीत होतं आणि नव्हतंही, असं म्हणू या.

१ एप्रिल २००१ ला उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे आयातीचे निर्बंध उठले. पेपरात बातमी वाचली आणि पान उलटलं. दिवाळीच्या आधी लोहार चाळीत गेलो तर व्यापाऱ्याने चिनी अडॅप्टर माझ्या हातात ठेवला. पिना, बॉडी, स्क्रू, डबी असा अख्खा तयार नग, आणि त्याचा भाव माझ्या नुसत्या पिनांच्या भावाला टेकलेला. मी पिन खिशातल्या चुंबकाला लावली. चिकटली. आत लोखंड, वरून मुलामा. ‘हे गरम होईल,’ मी म्हणालो. ‘होईल,’ व्यापारी म्हणाला, ‘पण विकलं जातंय.’ सहा महिन्यांत आमचं निम्मं काम गेलं. आठ जणांना घरी पाठवलं तेव्हा एक कागद करावा लागला नाही. मस्टरवर नव्हते ना. त्यांतला एक किसननगरला राहायचा. तो पुढची दोन वर्षं मला नाक्यावर दिसला की रस्ता ओलांडून जायचा.

२००५ साली कर्ज काढून पहिलं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, घेतलं आणि रबाळ्याच्या एका निर्यातदारामार्फत जर्मनीतल्या पार्टीचं काम धरलं. आता पिना नाहीत, सेन्सरच्या पितळी बॉड्या. मोजायला व्हर्निअर गेला, त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर आला. पहिल्या लॉटमध्ये बारीक बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळं, राहिली म्हणून अख्खी पेटी परत आली. सगळ्यांनी दोन रात्री जागून हाताने बर काढली.

२००७ मध्ये त्या पार्टीचा ऑडिटर आला. मला वाटलं मापं तपासायचे गेज बघेल. त्याने आधी संडास बघितला, मग मस्टर, मग मशीनवरची माणसं मोजली. ओव्हरटाइम दुप्पट दराने देता का, पीएफची चलनं कुठे आहेत? त्या दिवशी मस्टरवर एकोणीस होते आणि कारखान्यात बावीस. पुढच्या महिन्यात सगळ्यांचे पीएफचे फॉर्म भरले. इतकी वर्षं मला जे करायला बाहेरून कुणी भाग पाडलं नाही, ते सेन्सर विकत घेणाऱ्या पार्टीने पाडलं. जागतिकीकरणाने कामगाराचं काय केलं असं कुणी विचारलं की मला चुंबकाला चिकटलेली ती पिन आठवते आणि हा ऑडिटरही. दोन्हींची बेरीज करता येत नाही.

पुढच्याच वर्षी मार बसला. जुलै २००८ मध्ये तांबं लंडनच्या बाजारात टनाला साडेआठ हजार डॉलरच्या वर होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, मी त्या भावाने पितळी रॉड भरून ठेवला. डिसेंबरात तांबं तीन हजारांच्या खाली आलं आणि ऑर्डरी थांबल्या. तीन महिने अर्ध्या पगारावर सगळे टिकले, या वेळी कुणाला काढलं नाही. तेव्हापासून करारात एक कलम घालून घेतलं: लंडनचा तांब्या-जस्ताचा भाव हलला की आमचा रेट हलणार. पार्टीने एका ईमेलवर मान्य केलं.

आज आम्ही सोळा जण आहोत. पीएफ एकदा लागला की माणसं वीसच्या खाली गेली तरी सुटत नाही, आणि मलाही तो सोडायचा नाही. २००० सालच्या तिप्पट पीस निघतात. एक ऑपरेटर दोन सीएनसी बघतो. तेव्हा सेटरला साडेचार हजार आणि हेल्परला अठराशे होते. आज प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सेटरला बेचाळीस हजार देतो, तरी त्याला चाकणच्या कारखान्यांतून फोन येतात. हेल्परला पंधरा हजार. त्याला कुणाचा फोन येत नाही. सेटरने बदलापूरला फ्लॅट घेतला. हेल्पर दिव्याला भाड्याने राहतो, लोकलला लोंबकळत येतो. धंदा वाढला म्हणून मी भाषणात सांगतो, पण वाढ कुणाकडे गेली ते पगाराच्या पत्रकात दिसतं. आयटीआयची पोरं अप्रेंटिसशिप संपली की डिलिव्हरीची बाईक धरतात. पैसे हातात रोज दिसतात, म्हणतात. त्यांना काय सांगू?

किमान वेतनाचा विशेष भत्ता वर्षातून दोनदा बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. तो महागाईच्या आकड्याला बांधलेला आहे. मागच्या वर्षी करार नवा करताना मी जर्मनीला लिहिलं, की तांब्यासारखंच याचंही एक कलम घाला, भत्ता हलला की रेट हलेल. निर्यातदाराने मला फोन करून विचारलं, ‘दादा, हे असं कुणी मागतं का?’ पार्टीचं उत्तर आलं की मजुरीची वाढ ही पुरवठादाराने उत्पादकता वाढवून भरून काढायची असते.

मी पुन्हा लिहिलं आहे. या वेळी सोबत तांब्याचा भाव आणि भत्ता या दोन्ही आकड्यांचा दहा वर्षांचा तक्ता जोडला, सौ.ने काढलेला. अजून उत्तर नाही.