ड्रॅगनच्या शेपटीवर, मागच्या चाकांच्या भरवशावर

रॉबिन्सव्हिलहून सकाळी साडेसातला निघालो तेव्हा डोंगर धुक्यात होते. ऑक्टोबरचा शेवट, झाडं लाल-पिवळी झालेली, रस्त्याच्या कडेला ओल्या पानांचा थर. शेजारी साताऱ्याहून आलेला धाकटा भाऊ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना आणि टेनेसी या राज्यांच्या हद्दीवर डील्स गॅप नावाची खिंड आहे. तिथून यूएस 129 हा महामार्ग टेनेसीत उतरतो आणि 11 मैलांत 318 वळणं घेतो. म्हणून त्याचं नाव 'टेल ऑफ द ड्रॅगन'.

या रस्त्याचं स्वप्न मी माझदा मियाटा ही छोटी, छत उघडणारी गाडी घेतली त्या दिवसापासून पाहत होते. पण मार्चमध्ये अटलांटात, भर पावसात, हायवेवरून उतरणाऱ्या गोल रॅम्पवर गाडीचा मागचा भाग सरकला. वळण आवळत गेलं, मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला, आणि बाजूचा कठडा एकदम समोरच्या काचेत आला. घसरती गाडी आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेने, स्टॅबिलिटी कंट्रोलने, सावरलं म्हणून निभावलं. त्यानंतर कितीतरी दिवस साध्या वळणालाही माझे खांदे कानापर्यंत चढायचे.

मी शिकले पप्पांच्या अल्टोवर. खंबाटकी, पसरणी, सगळे घाट त्याच गाडीने. पुढची चाकं ओढणारी गाडी वळणाला वेग जास्त झाला की सरळ जायला बघते, आणि पाय उचलला की बहुतेक वेळा मुकाट्याने आत येते. माझ्या पायाला तीच सवय. मियाटाला मागची चाकं ढकलतात. वळणात पाय एकदम उचलला की भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि पकड सुटते. म्हणजे जी गोष्ट मी जीव वाचवायला करत होते, तीच गाडीला फिरवत होती.

हे समजलं एका मोकळ्या पार्किंग लॉटवर. तिथे शंकू मांडून दिवसभराचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या आजोबांनी डांबर ओलं करून मला गोल गोल फिरवलं आणि मुद्दाम पाय उचलायला लावला. गाडी गर्रकन फिरली. पुन्हा. पुन्हा. सातव्या-आठव्या खेपेला मला ते आधीच कळलं, आणि कळलं ते डोळ्यांना नव्हे, कमरेला. मियाटात आपण जवळजवळ मागच्या चाकांपाशीच बसतो; घसरण्याआधी सीटखाली काहीतरी सैल झाल्यासारखं वाटतं. त्याच क्षणी नजर जायचं तिकडे नेली की हात आपोआप तिकडे वळतात. आजोबांचा आग्रह एकच होता: ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत, वळणात पाय स्थिर, आणि स्टिअरिंग उलगडत जाईल तसा अ‍ॅक्सिलरेटर.

तर ड्रॅगन. पहिली दहा-बारा वळणं मी अंग चोरूनच घेतली. वेगमर्यादा ताशी 30 मैल, पण एकामागून एक वळणं अशी येतात की तेवढाही वेग पुरे होतो. एकही फाटा नाही, की कुणाच्या घराची वाट नाही.

"ताई, इथे एसटी कशी वळेल गं?" भावाने विचारलं.

वळूच शकणार नाही. टेनेसीच्या बाजूला तर 30 फुटांहून लांब ट्रकना बंदीच आहे.

मागे दोन मोटरसायकली आल्या. मी बाजूच्या जागेत थांबून त्यांना जाऊ दिलं, आणि तिथून पुढे एकटीच्या लयीत निघाले. दुसरा गिअर, ब्रेक, सोड, वळव, थांब. हे 'थांब', म्हणजे वळणात पाय न हलवणं, सगळ्यात अवघड. एका डावीकडच्या वळणावर सावलीत ओली पानं पसरलेली होती. सीटखाली तो ओळखीचा सैलपणा आला. पाय हलला नाही. नजर वळणाच्या टोकाशी. गाडी वीतभर बाहेर सरकली, मागची चाकं पुन्हा बसली, आणि मी हळूच अ‍ॅक्सिलरेटर दिला. भावाला काही कळलंही नाही. तो खिडकीतून दरी बघत होता.

कॅल्डरवुड धरणाच्या ओव्हरलुकला, म्हणजे वरून धरण बघायच्या जागी, थांबलो. खाली दोन डोंगरांमध्ये हिरवं पाणी, वर धुकं विरत चाललेलं. भावाने थर्मासमधला चहा ओतला. माझे खांदे खाली होते, हात कोरडे होते. चहा संपायच्या आत मी छत उघडलं आणि गाडीचं तोंड परत डील्स गॅपकडे वळवलं.