टक् आवाज नेमका कुठून येतोय?

आजीच्या आवाजाच्या चौदा कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेत होते. तयार झालेल्या मोठ्या वेव्ह फाइल फ्लॅकमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवून लहान होणाऱ्या फाइलमध्ये) बदलायला लावायच्या आणि ते काम चालू असतानाच पुढची फाइल ऐकून तपासायची, असा माझा क्रम. तिसऱ्या दिवशी ऐकताना मध्येच ‘टक्’ असा आवाज यायला लागला. कधी क्षणभर आवाजच तुटायचा. पोटात गोळा आला, कारण त्या फिती आता पुन्हा पुन्हा वाजवण्याजोग्या राहिलेल्या नाहीत.

खोट फाइलमध्ये आहे की वाजवण्यात, हे आधी कळायला हवं होतं. टक् आलं की वेळ टिपायची आणि तीच जागा पुन्हा ऐकायची. बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वेळी आवाज स्वच्छ आला. म्हणजे फाइल शाबूत होती, कॉम्प्युटर वाजवताना अडखळत होता. हायसं वाटलं.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे सगळे कोर, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी कामं करणारे त्याचे भाग, १०० टक्क्यांवर दिसले. रूपांतर करणारा प्रोग्राम प्रत्येक कोरवर एकेक फाइल घेऊन बसला होता. त्याची प्रायॉरिटी ‘बिलो नॉर्मल’ केली आणि एका वेळी दोनच फाइल घ्यायला लावल्या. एन्कोडिंगला, म्हणजे या रूपांतराला, उशीर झाला तरी फाइल तीच बनते. वाजवताना मात्र आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (क्षणाक्षणाची मोजमापं) वेळेवर पोचावेच लागतात.

टक् कमी झालं, पण थांबलं नाही. एन्कोडिंग पूर्ण बंद असताना, प्रोसेसर जेमतेम ५ टक्के चालत असतानाही यायचंच. इथे माझे दोन दिवस गेले. प्लेअरची प्रायॉरिटी वाढवून काही फरक पडला नाही. शेवटी असे अडथळे कुणामुळे येतात ते शोधणारा लेटन्सीमॉन हा प्रोग्राम चालवला आणि वाय-फायचा ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचं उपकरण चालवणारा प्रोग्राम, सापडला. ड्रायव्हरची डीपीसी नावाची तातडीची कामं त्या कोरवर कुठल्याही प्रोग्रामच्या आधी उरकली जातात, मग प्लेअरची प्रायॉरिटी कितीही असो. वाजवण्यासाठी आधीच भरून ठेवलेला आवाजाचा साठा, म्हणजे बफर, माझ्याकडे ५१२ नमुन्यांचा, म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंदांचा. ड्रायव्हरने त्याहून जास्त अडवून धरलं की बफर रिकामा, आणि टक्! एवढासा खंड टास्क मॅनेजरच्या आलेखात दिसतही नाही.

वाय-फाय बंद केलं आणि तासभर एकही टक् नाही. नंतर नवा ड्रायव्हर घातला, ऐकण्यासाठी बफर २०४८ केला.

पण मग लक्षात आलं की रेकॉर्डिंगलाही वेळ पाळावी लागते. दोन कॅसेटच्या फाइलमध्ये टक् दरवेळी त्याच सेकंदाला येत होतं. त्या उतरवताना वाय-फाय चालू होतं. वाय-फाय बंद ठेवून दोन्ही पुन्हा उतरवल्या. पहिली स्वच्छ आली. दुसरीत आजी हसते तिथे फीत या वेळी घासली आणि हसू पुसट झालं. तेवढ्या जागी मी आधीचाच तुकडा जोडला आहे, त्यातल्या टक्‌सकट.