तुम्ही विचारलंत म्हणून: सात वर्षांत शरीर नवं, मग म्हातारपण कसं?

मी प्राणिशास्त्र शिकवायचो हे कळलं, की कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर कुणीतरी गाठतंच. "सर, दर सात वर्षांनी शरीरातल्या सगळ्या पेशी नव्या होतात म्हणे. मग आपण म्हातारे होतोच कसे?"

सगळ्या होत नाहीत हो. आतड्याचं अस्तर काही दिवसांत बदलतं, तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. पण मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे बाहेरच्या थरातल्या, चेतापेशी जवळजवळ आपल्याच वयाच्या. अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून स्वीडनचे जीवशास्त्रज्ञ योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००५ साली हे मोजून दाखवलं.

आता पेशी जुनी असली, तरी आतली बहुतेक प्रथिनं बदलत राहतात. घोडं अडतं ते केंद्रकाच्या, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या कोठीच्या, भिंतीतल्या छिद्रांपाशी. प्रत्येक छिद्र म्हणजे सुमारे ३० प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो रेणूंची अष्टकोनी रचना. जनुकांचा निरोप नेणारा आरएनए बाहेर जातो तो इथूनच, प्रथिनं आत येतात तीही इथूनच. बारीक रेणू आपसूक सरकतात, मोठ्यांना सोबत वाहक प्रथिन लागतं.

विभागणाऱ्या पेशी विभाजनाच्या वेळी ही छिद्रं सुटी करून पुन्हा जुळवतात. चेतापेशी विभागतच नाही. जुन्या नाशकातल्या वाड्याचं दार आठवा: कडी-कोयंडा कधीही बदला, पण चौकट काढायची तर वरची भिंत कोण धरणार? छिद्राच्या चौकटीतली काही प्रथिनं उंदरांच्या मेंदूत वर्ष उलटलं तरी तीच सापडली. जीवशास्त्रज्ञ मार्टिन हेट्झर यांच्या गटाने २००९ मध्ये म्हाताऱ्या उंदरांच्या चेतापेशी तपासल्या, तर छिद्रं गळकी झालेली आणि केंद्रकाबाहेरच असायला हवं ते ट्यूब्युलिन नावाचं प्रथिन आत शिरलेलं! माझ्या मते म्हातारपणाचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही.

पेशी अगदीच हातावर हात ठेवून बसत नाही. बिघडलेली छिद्रं हुडकणारी एस्कर्ट नावाची प्रथिनं आहेत. पण स्टीफन हॉकिंग यांना झालेल्या एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात एस्कर्टपैकीच सीएचएमपी७ हे प्रथिन केंद्रकात साठतं आणि छिद्रांमधली प्रथिनं कमी होतात. टीडीपी-४३ हे केंद्रकातलं प्रथिन बाहेर येऊन गोळा होणं, ही तर या आजाराची खूणच. अल्झायमरमध्ये टाऊ प्रथिनही छिद्रांच्या घटकांना चिकटताना दिसलंय. आधी छिद्र बिघडतं की आधी आजार, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही.

२०२१ मध्ये एएलएसच्या रुग्णांच्या पेशींपासून बनवलेल्या चेतापेशींत सीएचएमपी७ कमी केलं, तेव्हा छिद्रांची घडण सुधारली. पण हे प्रयोगशाळेतल्या बशीत. तेव्हा ट्रॅकच्या फाटकाशी "पेशी तरुण ठेवणारी" भुकटी विकतात, ती मी घेत नाही.