अ‍ॅक्सेसरी बस, पुढची नोंद: सर्वोची थरथर आणि लुकलुकणारे सिग्नल
अ‍ॅक्सेसरी बस म्हणजे मॉडेल रेल्वेवरच्या दिवे, सिग्नल, फाटक अशा उपकरणांना वीज पुरवणारी लाइन. जोडणी मागच्या नोंदीतलीच: 16 व्होल्ट एसी ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), त्यापुढे एलएम2596ची दोन बक (व्होल्टेज उतरवणारी) मॉड्यूल. एक 12 व्होल्टवर, फलाटाच्या दिव्यांना. दुसरं 5 व्होल्टवर, सिग्नल, नॅनो (अर्डुइनोचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि फाटकाच्या दोन सर्वोंना (फाटक हलवणाऱ्या छोट्या मोटरी). नुसते दिवे लावले तर सगळं शांत. फाटक हललं की सिग्नल लुकलुकतात, नॅनो रीसेट होतो. 5 व्होल्टचं मॉड्यूल बदलून पाहिलं, काडीचाही फरक नाही.

कारण मॉड्यूलच्या आधीच आहे. ब्रिजनंतर शिखर साधारण 21 व्होल्ट मिळतं, पण 50 हर्ट्झवर दोन शिखरांत 10 मिलिसेकंदांचं अंतर असतं आणि तेवढा वेळ भार कपॅसिटरलाच पेलायचा असतो. या मॉड्यूलांवर इनपुटला जेमतेम 100 मायक्रोफॅरड असतात, दोन्ही मिळून 200. दिव्यांचे 120 मिलिअँपियर त्यावर निभतात. दोन सर्वो एकदम सुटले की 5 व्होल्टवर 1.3 अँपियरपर्यंत ओढतात, म्हणजे ब्रिजकडून अर्ध्या अँपियरच्या आसपास. तेवढ्या भाराला प्रत्येक खाचेत (दोन शिखरांमधल्या उतारात) इनपुट 4-5 व्होल्टपर्यंत कोसळतं. मल्टिमीटरची डीसी रेंज सरासरी दाखवते, त्यामुळे हे दिसतच नाही. एसी रेंजवर, प्रोबला 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सिरीजमध्ये लावून मोजलं की रिपल, म्हणजे हा चढउतार, उघडा पडतो.

उपाय स्वस्त: ब्रिजला लागून 4700 मायक्रोफॅरड, 50 व्होल्ट. 25 व्होल्टचा नको. भार नसताना ट्रान्सफॉर्मर 19 व्होल्ट सहज देतो, शिखर 26च्या आसपास जातं. ब्रिजही 4 अँपियरचा घ्या, सुरुवातीचा चार्जिंगचा झटका 1 अँपियरवाल्याला सोसेलच असं नाही. आता खाच एका व्होल्टच्या आत आहे. सिग्नल स्थिर, नॅनोचा रीसेट बंद. फाटक सलग उघडझाप करताना सिग्नल जराही हलत नाहीत, हे बघत बसायला मजा येते!

दूरच्या सर्वोची थरथर मात्र उरली. 0.2 चौरस मिलिमीटरची वायर, जाऊन-येऊन 4 मीटर, म्हणजे 0.35 ओम, दोन्ही सर्वो त्याच वायरवर, तेव्हा साडेचार दशांश व्होल्ट वाटेतच गडप. सर्वोंना जाड वायरची वेगळी जोडी मॉड्यूलपासून थेट दिली, टोकाला 1000 मायक्रोफॅरड लावला. थरथर गेली.

एमपी1584ची चिमुकली बक मॉड्यूल या जागी लावू नका. इनपुटची मर्यादा 28 व्होल्ट, आणि आपण 26वर उभे. शिवाय प्रीसेट (व्होल्टेज ठरवणारा स्क्रू) एका फेऱ्याचा, बोट लागलं तरी व्होल्टेज सरकतं. 7805 हा लिनियर रेग्युलेटर तर विसराच: अर्ध्या अँपियरला 8 वॉट नुसती उष्णता.

हे लिहितानाच वाटतंय, इलेक्ट्रॉनिक्ससाठी एसी हवंच कशाला? लॅपटॉपचा 19 व्होल्टचा जुना अडॅप्टर लावला तर ब्रिज आणि मोठा कपॅसिटर दोन्ही सुटतील, एमपी1584लाही पुरेशी मोकळीक मिळेल. ट्रान्सफॉर्मर फक्त सीडीयूमार्गे (कपॅसिटरमधून एकदम झटका देणारं युनिट) पॉइंट मोटरला, म्हणजे सांधा बदलणाऱ्या मोटरला. तोवर ब्रिजची निगेटिव्ह एसीच्या कॉमन रिटर्नला कुठेही जोडू नका, नाहीतर एक डायोड दर अर्ध्या सायकलला थेट शॉर्ट वाहील. अडॅप्टरमध्ये वेगळी मेख: पुष्कळांची निगेटिव्ह आतून अर्थिंगला जोडलेली असते. रुळांना वीज देणाऱ्या बूस्टरचा पुरवठाही तसाच असेल तर दोन्ही नकळत एक होतात. आधी अर्थ पिन आणि आउटपुट निगेटिव्ह यांच्यात कंटिन्युइटी तपासायची, मगच 19 व्होल्टची बस ओढायची, प्रत्येक शाखेला 1 अँपियरचा पॉलिफ्यूज (आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) घालून.