पी.टी.चा तास

आंब्याची पेटी उघडली आणि पेंढ्याच्या वासाआधी कार्बाइडचा उग्र दर्प नाकात शिरला. बंदी आहे म्हणे. असो. हा वास मला थेट शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन बसवतो. परीक्षानळीत करडा खडा, वरून पाण्याचे थेंब, फसफस, आणि बाई म्हणायच्या, "अॅसिटिलीन. लिहून घ्या." हे सगळं बहुतेक वेळा पी.टी.च्या तासाला. "पोर्शन राहिलाय" एवढं म्हटलं की आमचं मैदान गेलं. खिडकीतून 'ब' तुकडीची शिट्टी तेवढी ऐकायची. खेळ आणि विज्ञान यांचा आमच्याकडे संबंध आला तो असा. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून फुटबॉलचा प्रशिक्षक नूट रॉकनी मला फार जवळचा वाटतो. जन्म नॉर्वेतला, पाचव्या वर्षी शिकागोत. पोस्टात नोकरी करून पैसे साठवले आणि बावीसाव्या वर्षी नोटर डेम कॉलेजात दाखल झाला. फुटबॉल अमेरिकनांचा, म्हणजे लांबट चेंडूचा, हाताने फेकायचा. उन्हाळ्यात तो आणि संघातला जोडीदार गस डोराय एका तलावाकाठच्या वाळूत नुसते फेकाफेकी करत बसले, आणि १९१३च्या नोव्हेंबरात आर्मीच्या, म्हणजे अमेरिकी लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघाला ३५-१३ असं लोळवून आले.

गंमत पुढे आहे. १९१४ला पदवी घेतली आणि गडी तिथेच रसायनशास्त्र शिकवू लागला. अट एकच : संघाच्या प्रशिक्षणातही हात लावू द्यायचा. प्रयोगशाळेत तो फादर ज्यूलियस न्यूलँड यांचा मदतनीस. हे पाद्रीबाबा आयुष्यभर कशामागे होते? अॅसिटिलीनच्या!

१९१८ला तो मुख्य प्रशिक्षक झाला. तेरा मोसमांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबऱ्या. सामना तोंडावर आला की त्याने रसायनाचा तास मैदानासाठी ढापला असेल का? असावा. पुरावा काही नाही, माझी आपली इच्छा. कुणीतरी तो हिशोब उलटा चुकता करायलाच हवा होता.

३१ मार्च १९३१ला कॅन्ससच्या माळावर त्याचं विमान कोसळलं. आठही जण गेले. पंख लाकडी होता, ओल शिरून आतले चिकटवलेले जोड सुटले होते. रॉकनी त्रेचाळीस वर्षांचा होता. न्यूलँड यांच्या अॅसिटिलीनवरच्या कामातून निघालेलं कृत्रिम रबर ड्यूपाँट या रसायन कंपनीने जाहीर केलं ते त्याच वर्षी, नोव्हेंबरात.