चोकची तार तापली तेव्हा

पुतण्याचा परण्या निघाला तो आमच्याच गाडीतून. त्याचा हट्टच होता, नवरदेव म्हणून बसेन तर आबाजींच्या, म्हणजे आजोबांच्या, अँबेसेडरमध्येच. मारुतीच्या देवळात नारळ फुटला, बाशिंग सावरत नवरदेव मागे येऊन बसला, यांनी चावी फिरवली, आणि गाडी एकदा घुंऽऽ करून गप्प. दुसऱ्यांदा नुसती कण्हली. तिसऱ्यांदा फक्त ‘टक्’. बँड नेमका त्याच वेळी थांबला होता, त्यामुळे तो टक् सगळ्या गावानं ऐकला. शेवटी बँडवाल्यांनीच वाजंत्री काखेत मारून मागून धक्का दिला. गाडी सुरू झाली, नवरदेव मांडवात पोचला, लग्न लागलं. पण मुलीकडचे एक मामा जेवताना मला म्हणालेच, “मॅडम, गाडी चांगली आहे जी तुमची. फक्त सोबत चार माणसं लागते.”

गाडी १९७८ ची, मार्क थ्री. आमच्या मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नवरदेवाच्या आबाजींनी, १९८६ साली कापसाच्या पैशात जुनी घेतलेली. आर्वीपासून ११ किलोमीटरवरच्या आमच्या गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. बाळंतीण आणायला, साप चावलेल्याला वर्ध्याला न्यायला, पाहुण्यांना पुलगाव स्टेशनवर सोडायला हीच. १४८९ सीसीचं इंजिन, साधं, झाकण उघडलं की सगळं दिसतं. या गाड्या बनवणारा बंगालमधला उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद पडला, तरी सामान अजून मिळतं, फक्त फिरावं लागतं.

मामाजींना सेल्फचा, म्हणजे चावी फिरवली की इंजिन फिरवणाऱ्या मोटरचा, भरवसा कधीच नव्हता. थंडीत पहाटे ते बंपरच्या भोकातून हँडल घालत. एकदा मी हौसेनं पुढे झाले तर माझा हात धरून त्यांनी अंगठा उचलला आणि बाकीच्या बोटांच्या बाजूला नेऊन ठेवला. “अंगठा हँडलले गुंडाळू नको बेटा. इंजिन उलटं मारते. तोडून टाकीन अंगठा. आन् खाली दाबू नको, वरतं वढजो.” वर ओढायचं ते यासाठी की उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटून जातं. खाली दाबत असलात तर अख्खा हात त्याच्या वाटेत असतो. मामाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. हँडल अजून डिकीत आहे, पण माझा खांदा आता त्याला नाही म्हणतो.

तर सेल्फ. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी गाडी तालुक्याला गॅरेजमध्ये नेली. तिथल्या पोट्ट्यानं सेल्फ उतरवला, जमिनीवर पायाखाली दाबून धरला, बॅटरीच्या दोन वायरी थेट लावल्या. गरगर फिरला. तरी “मॅडम, कार्बन घासले आहे” म्हणून कार्बन आणि बुश बदलले. बाराशे रुपये. गाडी तीन दिवस बरी चालली, चौथ्या दिवशी शाळेच्या फाटकात टक्. परत गेले तर बॅटरी कमजोर निघाली. नवी बसवली, तिचे पैसे सांगत नाही, यांना अजून खरा आकडा माहीत नाही. आठवडा बरा गेला. मग पुन्हा तेच कण्हणं. तिसऱ्या वेळी थेट आर्मेचरवर, म्हणजे सेल्फच्या आतल्या फिरत्या गुंडाळीवर, गोष्ट आली. “मले त वाइंडिंगच जळाल्यासारखं वाटते. भरून घ्या, नाहीतर दुसरा सेल्फ पाहा.”

मी म्हटलं, अरे पण बाहेर काढला की तर पळतो. तो म्हणाला, “लोड नाई नं त्याच्यावर, म्हणून.” हे उत्तर चुकीचं नव्हतं, म्हणून जास्त घातक होतं. मी गप्प बसले.

इथे एक सांगायला हवं. मी हायस्कूलला विज्ञान शिकवते. चोवीस वर्षं झाली, दरवर्षी फळ्यावर सेल, बल्ब आणि कळ काढते आणि पोरांना विचारते की वीज बल्बपर्यंत गेली, मग पुढे कुठे जाते? पोरं म्हणतात, संपते. मी म्हणते, संपत नाही रे, तिला परत यावं लागतं. आणि माझ्या स्वतःच्या गाडीत दीड महिना मी फक्त जाण्याचाच रस्ता तपासत होते.

कळलं ते बोट पोळल्यावर.

डिसेंबरची सकाळ, हे रात्री जागलीला गेलेले, तुरीत रानडुकरं घुसत होती. मला शाळेत जायचं. थंड इंजिनला जास्त पेट्रोल द्यायचा चोक ओढला, चावी फिरवली. घुंऽऽ... घुं... टक्. रागानं आणखी पाच-सहा वेळा मारली. मग कंटाळून चोक आत ढकलायला हात लावला, तर गुंडीच्या मागची तार चटका बसेल इतकी तापलेली. भाकरी टाकताना तव्याला लागतं तसं. वर प्लॅस्टिक जळाल्याचा वास. चोकच्या तारेला विजेशी काय घेणंदेणं? ती तर डॅशबोर्डपासून कार्ब्युरेटरपर्यंत जाणारी साधी पोलादी तार, ओढायची आणि ढकलायची.

बोट पाण्यात बुडवून ओट्यावर बसले आणि मनातल्या मनात फळा काढला.

बॅटरीचं एक टोक जाड वायरीनं सोलेनॉइडकडे, म्हणजे चावीनं चालणाऱ्या मोठ्या स्विचकडे, जातं आणि तिथून सेल्फला. दुसरं टोक बॉडीला जोडलेलं, यालाच अर्थिंग म्हणतात. सेल्फ मात्र बॉडीवर नाही, इंजिनवर बसलेला. आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी असते. सेल्फमधून गेलेला सगळा करंट त्या वेणीतून बॅटरीकडे परततो. ती वाट अडली तर वीज मिळेल त्या फटीतून घरी जायला बघणार. इंजिनपासून बॉडीपर्यंत धातूचं आणखी काय काय जातं? चोकची तार. अॅक्सिलरेटरची जोडणी. स्पीडोमीटरची केबल. सेल्फ इंजिन फिरवताना शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. त्यातला थोडा हिस्सा जरी त्या बारीक तारेतून गेला तर ती हीटरच होणार.

मग आठवलं, हेडलाइट. दीड महिन्यात मी कितीदा पाहिलं होतं की सेल्फ कण्हतोय आणि समोर गोठ्याच्या भिंतीवर लाइट जसाच्या तसा. मला वाटायचं, चला, निदान बॅटरी तरी चांगली आहे. पण तो लाइट त्याहून जास्त सांगत होता. बॅटरी बसलेली असती तर लाइट पिवळा पडला असता. सेल्फ आत जाम झाला असता तरी पडला असता, कारण मग तो खूपच करंट खेचतो. सेल्फ सुस्त आणि लाइट लख्ख, याचा अर्थ बॅटरीत दम आहे आणि तो सेल्फपर्यंत पूर्ण पोचत नाही, किंवा परत येत नाही. लाइटचं अर्थिंग बॉडीला, सोलेनॉइडचंही बॉडीला, म्हणून ते दोघं मजेत. उपाशी फक्त इंजिनवरचा सेल्फ.

गॅरेजमध्ये काढला की का पळायचा तेही उलगडलं. तिथे दोन्ही वायरी थेट बॅटरीतून येत होत्या. वेणीचा संबंधच नव्हता.

हे जागलीवरून आले ते डोळे चोळत. त्यांना म्हटलं, निजायच्या आधी जरा चावी फिरवा. “आता बाप्पा,” म्हणाले, पण बसले. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टीमीटर घरीच होता. आधी कॉइलची वायर काढली, म्हणजे इंजिन सुरू न होता नुसतं फिरेल. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीवर धरलं. खुंटीवरच, तिच्या क्लॅम्पवर नाही, कारण खराबी क्लॅम्पमध्येही असू शकते. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. हे दोन्ही एकाच वाटेचे सांधे, चांगल्या गाडीत तिथे अर्ध्या व्होल्टच्या खालीच आकडा दिसायला हवा. आमच्याकडे दिसला ३.८. म्हणजे बारातले जवळजवळ चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते.

मग वहीवर गणित मांडलं, सवय जात नाही. करंट १२० धरला तर ३.८ भागिले १२०, अडथळा साधारण ०.०३ ओहम. एवढासा. पण तिथे जळणारी शक्ती ३.८ गुणिले १२०, म्हणजे साडेचारशे वॉट. आणि खरी गंमत पुढे आहे. गॅरेजमधल्या पोट्ट्यानं अर्थिंग तपासलं नव्हतं असं नाही. मीटर बीपवर ठेवून इंजिन आणि बॉडीला लावलं होतं. “आवाज येते नं मॅडम, कनेक्शन बराबर आहे.” बीप तर येणारच. मीटर त्यातून नखाएवढाही करंट सोडत नाही, आणि साध्या मीटरला ०.०३ ओहम आणि शून्य यातला फरक कळत नाही. पायवाटेनं एक माणूस जातो, म्हणून तिथून वरात जाईल असं थोडीच आहे. सांधा तपासायचा तर सेल्फ मारतानाच तपासायचा.

दुपारी शेजारच्या गावातले ट्रॅक्टरचे मिस्त्री चाचा आले. त्यांना मी आकडे दाखवले, त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. जीपमधून जंपर केबल आणली, एक चिमटा बॅटरीच्या अर्थिंगच्या खुंटीला, दुसरा थेट इंजिनच्या बोल्टला. “मारा आता.” पहिल्याच चावीत इंजिन असं फिरलं की कोंबड्या उडाल्या. चाचा म्हणाले, “बाई, ट्रॅक्टरमदी आमचं रोजचंच आहे हे. गाडी रंगवली होती का?”

रंगवली होती! दिवाळीच्या आधी, याच लग्नासाठी. इंजिनखोली आतूनही रंगवून घ्यायची म्हणून इंजिन उतरवलं होतं. चाचा गाडीखाली गेले, मी टॉर्च धरला. वेणी जागेवर होती, बोल्ट घट्ट होता, सगळं नवंकोरं दिसत होतं. बोल्ट काढला तेव्हा लगच्या, म्हणजे वेणीच्या टोकाच्या कडीच्या, खाली दोन पदरी क्रीम रंग, आरशासारखा गुळगुळीत. लग रंगावर कसली होती. जो काही करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांतून, आणि त्या आट्यांवर आता हिरवट-काळं चढलं होतं. म्हणूनच रंग दिल्यावर पहिला महिना काही वाटलं नाही. नवी बॅटरी घातल्यावर आठ दिवस वाटलं नाही ते यासाठी की चार व्होल्ट गमावूनही तिच्याकडे थोडं जास्त उरत होतं.

दुरुस्ती लाज वाटावी इतकी छोटी. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, लगचे दोन्ही चेहरे घासले, आटे ब्रशनं साफ केले, दातेरी वॉशर घालून कसलं आणि वरून ग्रीस चोपडलं. वेणीच्या एका कडेच्या तारा तुटलेल्या होत्या म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीची जुनी जाड वायर कापून एक जोडवेणी दिली. पुन्हा मापलं, ०.१८. चाचांनी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, तुरीच्या शेंगांची पिशवी घेतली.

जुन्या गाडीवाल्यांसाठी आणखी एक, कारण मला तिघांनी तरी फोनवर विचारलं. सेल्फ सर्रर्र असा मोकळा फिरत असेल आणि इंजिन हलत नसेल, तर ते आमचं दुखणं नाही. तो बेंडिक्स. या गाड्यांत सेल्फनं झटक्यानं वेग घेतला की दातेरी चाक आट्यांवरून सरकत जाऊन फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगमध्ये अडकतं. आट्यांवर मळ साचला की ते जागेवरच राहतं. रॉकेल-पेट्रोलनं धुवा, पण ऑइल देऊ नका, आमच्याकडची धूळ त्यावर दोन आठवड्यांत लापशी करते. आणि उलट, चाक रिंगमध्येच रुतून बसलं तर चावी बंद करून चौथा गियर टाका आणि गाडी पुढे-मागे हलवा, बहुतेक वेळा सुटतं. नाही सुटलं तर सेल्फच्या मागच्या टोकाला टोपीखाली दांड्याचं चौकोनी टोक असतं, त्याला पाना लावून फिरवायचं. मामाजी हे बाजाराच्या दिवशी भर रस्त्यात धोतर खोचून करत.

गॅरेजवाल्या पोट्ट्याला मी जाऊन सांगितलं, भांडायला नव्हे. त्यानं ऐकून घेतलं, मग म्हणाला, “पण कार्बन त घासलेच होते मॅडम.” ते खरंच होते.

गाडी आता पहिल्या चावीत उठते. चोकच्या तारेवरचं प्लॅस्टिक मात्र वितळून चिकटलं आहे, तार अर्धीच ओढली जाते. आर्वीत नाही मिळाली, वर्ध्यात मिळाली ती हातभर आखूड निघाली. अमरावतीला पुढच्या आठवड्यात जाणं आहे. तोवर थंडीत सकाळी बॉनेट उघडून, कार्ब्युरेटरवर हातानं चोक देऊन शाळेला निघते.